वरून पहिली चूक

मार्था गेल्याचा फोन तिच्या नवऱ्याने, मनोहरभाऊजींनी स्वतः केला. मी सकाळची वरणाला फोडणी देत होते. "सुधाताई, मार्था गेली," एवढंच म्हणाले आणि मी काहीतरी बोलेन म्हणून थांबले. ती आजारी होती, जाणार हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, आदल्याच आठवड्यात मी तिच्या उशाशी बसून आले होते. तरी मी मूर्खासारखं विचारलं, "कुठे?" भाऊजींनी फोन ठेवला नाही. मी गॅस बंद केला, ओढणी घेतली आणि गाझियाबादची वाट धरली.

पंधरवड्यानंतर गाझियाबादच्या मराठी मंडळींनी शोकसभा घेतली. माणसं भली, मनापासून आलेली. पण एकेक जण उठून बोलू लागला तशी माझ्या कपाळावरची शीर उडायला लागली. मार्थाताई फार सोशिक होत्या. मार्थाताईंनी कधी तोंडातून ब्र काढला नाही. नवऱ्याची दृष्टी गेली, पण त्यांनी हसतमुखाने सगळं स्वीकारलं, त्या त्यांची आंधळ्याची काठी झाल्या... मला ऐकवेना. मी चपला घालून बाहेर येऊन उभी राहिले. मार्था साळवे सोशिक असेल तर मी महाराणी आहे. तिने आयुष्यात एकही गोष्ट मुकाट्याने स्वीकारली नाही, आणि काठी तर ती कुणाचीच झाली नाही. तिने नवऱ्याला त्याचं वाचन परत मिळवून दिलं, तेही भांडून. हे कुणीतरी नीट सांगायला हवं म्हणून लिहायला बसले आहे.

आमची ओळख दिल्लीच्या मुनिरक्यातली. मी विद्यापीठात मराठीवर संशोधन करायला आले होते आणि ती पुण्याहून इंजिनिअर होऊन केंद्र सरकारच्या एका कार्यालयात संगणक विभागात रुजू झाली होती. मूळची नगरची, घरातली सगळी मिशन शाळेत शिक्षक. एका जाट कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर आमची एक खोली, आणि तिच्यात एक खिडकी, तीही समोरच्या भिंतीत उघडणारी. मालकीणबाईंना आम्ही आंटी म्हणायचो. एका उन्हाळ्यात घरातलं पाणी गेलं, पंखे रडत फिरू लागले, खालच्यांचा फ्रिज बंद पडला, आणि सगळे भाडेकरू एकमेकांवर तुटून पडले. मिस्त्रीने येऊन पाण्याची मोटर खोलून ठेवली होती. मार्था ऑफिसातून आली, सगळा गोंधळ ऐकून घेतला आणि म्हणाली, "आंटी, सबसे पहले क्या गया था?" आंटी वैतागल्या. पानी गया, और क्या. मार्था हलेना. पानी से पहले? शेवटी आंटींना आठवलं की त्याच्या आधी जिन्यातला दिवा गेला होता, पण दिव्याचं कोण मनावर घेतं. मिस्त्रीला तिने जिन्यातल्या दिव्याची तार बघायला लावली. तार तिथेच जळाली होती आणि तीच पुढे मोटरला जात होती. तेव्हापासून आंटी घरातल्या सुनेचं भांडणसुद्धा मार्थाकडे सोपवू लागल्या.

ही रीत तिने ऑफिसातून आणली होती. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तिने मला माझ्या भाषेत समजावलं होतं. प्रोग्रॅम माणसं लिहितात, माणसांना वाचता येईल असा. तो यंत्राला चालवता यावा म्हणून कंपायलर नावाच्या परीक्षकाकडे द्यायचा. हा परीक्षक महाखडूस. निबंधाच्या पहिल्याच ओळीत कुणी कंस उघडला आणि बंद करायला विसरला, तर तो पुढच्या सगळ्या ओळी चुकीच्या ठरवतो आणि चुकांची लांबलचक यादी तोंडावर फेकतो. तिचे सहकारी ती यादी बघून घाबरायचे, नाहीतर शेवटच्या चुकीला भिडायचे, कारण पडद्यावर तीच समोर दिसते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मार्था फक्त वरून पहिली चूक वाचायची. ती दुरुस्त करायची, बाकीच्यांकडे ढुंकूनही न बघता सगळं पुन्हा परीक्षकाकडे द्यायची. पुष्कळदा उरलेल्या चुका आपोआप नाहीशा व्हायच्या. त्या काळी याद्या कडेला भोकं असलेल्या लांब कागदावर छापून यायच्या. पहिलं पान ठेवून बाकीचे कागद ती घरी आणायची आणि आमच्या फळ्यांवर अंथरायची. दिल्लीतली आमची सगळी पिठं, डाळी आणि मसाले सरकारी चुकांवर विसावलेले होते.

मनोहर साळवे तिला चर्चमध्ये भेटले. सोलापूरचे, एका मंत्रालयात अधिकारी, आणि वाचनाचं वेड असलेला माणूस. पहिल्यांदा खोलीवर आले तेव्हा चहा येईपर्यंत त्यांनी फळीवरचा कागद वाचायला घेतला होता. मान वाकडी करून, डाळीचा डबा सरकवून. मार्था मला नंतर म्हणाली, "जो माणूस डाळीखालचा कागद वाचतो त्याच्याशी बोलायला विषय कधी कमी पडणार नाही." लग्नानंतर ते गाझियाबादला राहायला गेले. मूल झालं नाही. घरात पुस्तकं इतकी झाली की पाहुण्याला आधी पुस्तकं उचलावी लागायची, मग बसता यायचं. मी एका शाळेत मराठी शिकवायला लागले होते. सुट्टीला त्यांच्याकडे जायचे, आणि आम्ही तिघं कुठल्यातरी लेखावरून दुपारभर वाद घालायचो.

मग भाऊजींना काचबिंदू झाला. कळला तोवर उशीर झाला होता. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं. नोकरी कशीबशी पुरी झाली, पण वाचन गेलं. आम्ही दोघी त्यांना वाचून दाखवायचो. ते ऐकायचे, आभार मानायचे आणि दिवसेंदिवस गप्प व्हायचे. एकदा मार्था अग्रलेख वाचत असताना त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. म्हणाले, "तू वाचतेस तेव्हा मला तुझं मत ऐकू येतं. तुला पटत नाही तिथे तू भरभर वाचतेस. माझं मत व्हायला जागाच राहत नाही." दुसरी एखादी बायको रडली असती किंवा रागावली असती. मार्थाने वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाली, "खरं आहे." त्या दिवसापासून तिने त्यांना वाचून दाखवणं बंद केलं. लोकांनी तिला निष्ठुर म्हटलं... शोकसभेत तिला काठी म्हणणाऱ्यांपैकीच काहींनी.

तिला त्यांचं वाचन हवं होतं, त्यांचं स्वतःचं. हवं तिथे थांबणारं, नको ते गाळणारं, मागे जाऊन पुन्हा वाचणारं. संगणकावरचा मजकूर मोठ्याने बोलून दाखवणारे प्रोग्रॅम तेव्हा आले होते. एक विकत आणला. तो इंग्रजी झकास वाचायचा, हिंदी बरं वाचायचा, आणि मराठीला हिंदीचे कपडे घालून उभं करायचा. भाऊजींनी चार ओळी ऐकल्या आणि हेडफोन काढून ठेवला. विकणाऱ्या कंपनीला मार्थाने फोन केला तर तिकडून उत्तर आलं, मॅडम, मराठी की डिमांड नहीं है. त्यावर ती काय बोलली ते कौटुंबिक पुरवणीत छापण्याजोगं नाही. पण तिला हेही ठाऊक होतं की जगात कुणीकुणी मिळून असाच एक प्रोग्रॅम लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे. त्यात मराठीची अर्धीमुर्धी सोय होती. मूळ लिखाण उतरवून घ्यायचं, मराठी उच्चारांचे नियम भरायचे आणि सगळं घरच्या यंत्रावर त्या परीक्षकाकडून नव्याने बांधून घ्यायचं. तिने ठरवलं, आपण बांधायचं.

रविवारी चर्चहून आलं की ती बसायची. पहिल्या दिवशी परीक्षकाने जी यादी फेकली ती बघून मला वाटलं, संपलं. तिला उलट हुरूप आला. कुठे एखादी फाइलच नव्हती, कुठे ती होती पण जुनी होती, कुठे एका भागाला दुसऱ्याची ओळख नव्हती. वरून पहिली, पुन्हा बांध. वरून पहिली, पुन्हा बांध. भाऊजींचा भाचा अमोल गुरगावला मोठ्या कंपनीत होता. तो एकदा आला, मामीच्या खांद्यावरून डोकावला आणि भराभर बटणं दाबून त्याने उपाय काढला. "मामी, हे मराठीचं सेक्शन कमेंट करून टाक ना, यार. बाकी सब बिल्कुल चल जाएगा." म्हणजे तेवढा भाग परीक्षकाने वाचूच नये अशी खूण करायची. मार्थाने चष्मा काढला. "मराठी काढली की सगळं चालतं, हे सांगायला तुला गुरगावहून यायला नको होतं. दिल्लीत ते सगळ्यांना माहीत आहे." अमोल बिचारा जेवून गेला. पण पुढच्या रविवारी परत आला, आणि त्यानंतर त्याने काही काढून टाकायचा सल्ला दिला नाही.

चुका कमी होत होत एकच उरली, आणि ती हटेना. परीक्षक म्हणत होता की अमक्या ओळीत एक भटकं चिन्ह आहे. आम्ही ती ओळ बघितली. मी बघितली, अमोलने बघितली, मार्थाने भिंग लावून बघितली. ओळ स्वच्छ होती. मी म्हटलं, अगं, ती ओळ खोडून पुन्हा लिही, बस्स. शाळेत आम्ही तेच करतो. मार्था तयार होईना. खोडली तर चूक जाईल, पण ती काय होती हे कळणार नाही, आणि न कळलेली चूक पुन्हा येते, असं तिचं म्हणणं. त्या ओळीपायी घरात जेवणं गार झाली. दोन रविवार तसेच गेले आणि तिचा स्वभाव अगदी असह्य झाला. माझ्या उपम्यातसुद्धा तिला भटकं काहीतरी सापडायला लागलं.

शेवटी भाऊजी पलंगावरून म्हणाले, "मला जरा बसू दे तिथे." त्यांना इंग्रजीतला आवाज चालत होता. ते त्या ओळीच्या सुरुवातीला गेले आणि बाणाच्या कळीने एकेक अक्षर पुढे सरकू लागले. यंत्र एकेक अक्षराचं नाव उच्चारत होतं. आम्ही मागे उभे. मध्येच त्यांनी कळ दाबली आणि यंत्र काहीच बोललं नाही. पुन्हा दाबली तेव्हा पुढचं अक्षर आलं. ते एक घर मागे गेले. पुन्हा शांतता. "इथे काहीतरी आहे," ते म्हणाले. "कळ दाबावी लागते, पण आवाज येत नाही. तुम्हाला काय दिसतंय इथे?" आम्हाला काहीच दिसत नव्हतं. मार्थाने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

मग तिच्या ध्यानात आलं. तिची एक खोड होती. प्रोग्रॅमच्या ओळींच्या कडेला आपल्यासाठी टिपणं लिहायची मुभा असते, आणि सगळं जग ती इंग्रजीत लिहितं. मार्था हट्टाने मराठीत लिहायची. त्या ओळीशेजारी तिने 'वाऱ्या'च्या उच्चारासंबंधी काहीतरी लिहिलं होतं. आपला तो 'ऱ्या' उमटवायला तिच्या कळफलकावर एक जादा खूण द्यावी लागायची, जी पडद्यावर दिसत नाही, छापली जात नाही. तशी एक खूण तिच्या बोटाखालून निसटून टिपणाबाहेर, प्रोग्रॅमच्या ओळीत जाऊन पडली होती. इंग्रजीत लिहिणाऱ्या माणसाकडून ही चूक सात जन्मात झाली नसती. भाऊजींनी ती खूण पुसली. मार्थाने पुन्हा बांधलं. परीक्षक एक अक्षर बोलला नाही. ती तिथेच जमिनीवर बसली आणि हसत सुटली, आणि हसता हसता तिने भाऊजींच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मी स्वयंपाकघरात गेले, कारण मला रडू येत होतं आणि अमोलसमोर रडायचं नव्हतं.

तो मराठी आवाज तसा भयंकर होता. नाकातून बोलणारा, कोरडा, ना बाईचा ना पुरुषाचा. अमोलने विचारलं की जरा गोड नाही का करता येणार. भाऊजी म्हणाले, नको, या आवाजाला स्वतःचं मत नाही, हेच छान आहे. ते दिवसभर वाचत बसले. संध्याकाळी बाहेर आले ते एका लेखावर चिडून आणि मार्थाशी भांडायला लागले. तिला तो लेख आवडला होता. दोघं तावातावाने बोलत होते, आणि मी मार्थाचा चेहरा बघत होते. नवऱ्याने खोडून काढल्यावर एवढी खूष झालेली बायको मी दुसरी पाहिली नाही.

पुढे कितीतरी वर्षं हे चाललं. यंत्राची आतली व्यवस्था नवी झाली की जुना बांधलेला आवाज बसायचा, आणि मार्था पुन्हा बांधायला बसायची. लोक म्हणायचे, नवीन काही घेऊच नका, आहे ते तसंच ठेवा. ती म्हणायची, माझ्या नवऱ्याने जुन्या जगात का राहायचं? तिने भरलेले मराठी नियम तिने त्या दूरदेशीच्या मंडळींना पाठवले. त्यांनी आधी परत केले, तिने पत्रांवर पत्रं लिहून त्यांना भंडावलं, आणि मग घेतले. आज कुठल्या खेड्यातला कुठला मुलगा त्या नाकातल्या आवाजात मराठी वाचत असेल, कोण जाणे. सोशिक बाईच्या हातून हे झालं नसतं.

शेवटच्या भेटीत ती गाझियाबादच्या दवाखान्यात होती. उशाशी रिपोर्टांची चळत. डॉक्टर ताजा रिपोर्ट समजावत होते आणि ती त्यांना थांबवून म्हणाली, "डॉक्टर साहब, सबसे पहले क्या बिगड़ा था?" डॉक्टर तरुण होते, प्रामाणिक होते. त्यांनी जुना रिपोर्ट काढला आणि सांगितलं. मूळ सापडलं, पण ते दुरुस्त होण्यासारखं नव्हतं. डॉक्टर गेल्यावर तिने रिपोर्टांची चळत दूर सारली. मी तिचा हात धरून काहीतरी समजुतीचं बोलू लागले, देवाची इच्छा वगैरे. तिने हात सोडवून घेतला. "माझी काही इच्छा नाहीये जायची. मला राग आलाय, सुधा. उगाच मी शांतपणे गेले असं सांगू नकोस लोकांना." मग डोळे मिटून... "मनोहरचा आवाज बसला तर?" मी म्हटलं, मी आहे. का म्हटलं ते माहीत नाही. मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही. ती डोळे मिटूनच हसली.

आवाज बसलाच. ती गेल्यावर काही आठवड्यांत यंत्राने आपण होऊन स्वतःला नवं करून घेतलं आणि मराठी मुकी झाली, तिच्याबरोबर इंग्रजीही. नातेवाइकांनी भाऊजींना एक मोबाइल आणून दिला. त्यात एक गोड बाई हल्ली मराठीही बरं वाचते. सगळे म्हणाले, आता त्या जुन्या भानगडीत कशाला पडता? मोबाइलमध्ये काही वाईट नाही. पण ती बाई तिच्या कंपनीला वाटेल तितके दिवस वाचेल, आणि भाऊजींच्या हार्ड डिस्कवरची, मार्थाने साठवून ठेवलेली जुनी पुस्तकं तिला उघडतासुद्धा येत नाहीत. भाऊजींनी तो फोन करण्यापुरता ठेवला आणि मला बोलावलं. "सुधाताई, वर्तमानपत्र नको. चुका वाचून दाखवा. मी बांधतो."

गेले काही रविवार आम्ही तिच्या टेबलाशी बसतो. ते खुर्चीत, बोटं कळांवर. मी शेजारी स्टुलावर. पहिल्या दिवशी यादी धो धो वाहून गेली आणि पडद्यावर जे शिल्लक दिसलं ते मी वाचायला लागले. भाऊजी म्हणाले, "वर जा." वर कुठवर? "जिथे सुरू झालं तिथवर." मी सरकत सरकत वर गेले आणि पहिली ओळ एकेक अक्षर सुटं करून वाचली. मला अर्थ कळत नाही, आणि ते बरंच आहे, कारण माझं मत मध्ये येत नाही. अमोल फोनवर असतो. अडलं की सांगतो, काढून टाका म्हणत नाही. मार्थाची मराठी टिपणं वाटेत भेटतात. एका ठिकाणी तिने लिहिलं आहे, 'हे असं का चालतं ते कळलेलं नाही, हात लावू नये.' आम्ही लावला. लावावाच लागला. ती असती तर आमच्याशी भांडली असती, आणि मग तिनेही लावला असता.

अजून आवाज आलेला नाही. पण मागच्या रविवारी वरून पहिली चूक बदलली. आधीची गेली आणि तिच्या जागी कधी न पाहिलेली नवी आली. मी हिरमुसले. भाऊजींनी टेबलावर थाप मारली आणि म्हणाले, "पुढे गेलो आपण." त्यांना इतकं खुषीत मी मार्था गेल्यानंतर प्रथमच पाहिलं.

मी हा लेख लिहिते आहे हे त्यांना माहीत आहे. काय लिहिलं ते त्यांनी विचारलेलं नाही. पुरवणीत आला की मी वाचून दाखवेन, असं अमोल परवा म्हणाला. मी त्याला नाही म्हणून सांगितलं. मीही दाखवणार नाही. हा मजकूर मी त्यांच्या यंत्रावर नेऊन ठेवला आहे. मार्थाबद्दल मी जे लिहिलं आहे त्यातलं त्यांना काय पटतं आणि काय पटत नाही, ते त्यांचं त्यांनी वाचून ठरवायचं आहे, आणि मग माझ्याशी भांडायचं आहे. लागेल तेवढा वेळ लागू दे.